विहिरीवरचा चिलखती स्वार

"जे जनावर बघितलं न्हाई, त्याच्या अंगाला मी हात लावत न्हाई."

भीमराज भिंगारदिवे हे बोलला तेव्हा विषय एका लांडग्याचा होता, आणि तो लांडगाही कागदावरचा. पुस्तकासाठी चित्र हवं होतं, छपाई खोळंबली होती. पाठक सर म्हणाले होते, "अरे, कुत्रा काढ आणि शेपूट खाली घाल. पोरांना काय कळतंय?" त्यावर भीमराजने हे एवढं वाक्य टाकलं आणि सायकलला टांग मारली. पुढचे काही रविवार तो चिचोंडीच्या माळावर, धनगरांच्या मेंढवाड्याशेजारी, नुसता बसून राहिला. शेवटी लांडगा आला. उंच पायांचा, हडकुळा, कुणाकडे न बघता चाललेला, कुणाच्या तरी मयताला निघाल्यासारखा. पुस्तकात तो लांडगा तसाच आहे. अरण्यातली वाट, वाटेवर एक चिलखत घातलेला घोडेस्वार, आणि त्याच्या पुढ्यातून लांडगा आडवा जातो आहे. घोडा थांबला आहे. लांडगा थांबलेला नाही.

ते पुस्तक नगर जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या कपाटात अजून मिळेल. मिळालं तर चित्रं बघा. चित्रकाराचं नाव शोधू नका, ते तिथे नाही. ते का नाही, ते सांगायचं आहे.

भीमराज भिंगारला राहायचा. तिथल्या लष्करी वर्कशॉपमध्ये पेंटर होता. रणगाडे दुरुस्त होऊन आले की त्यांच्यावर हिरवा रंग चढवायचा, रंग वाळला की नंबर घालायचे, पलटणीची निशाणी काढायची. त्याच्या नखांत तो हिरवा रंग कायम असे. हात धुऊन जेवायला बसला तरी असे. त्याचा बाप त्याच भिंगारमध्ये घोड्यांच्या पागेत मोतद्दार होता, घोड्यांचा खरारा-चारा बघायचा. बापाच्या हयातीतच घोडे गेले, त्यांच्या जागी रणगाडे आले आणि पागा रिकाम्या झाल्या. बाप म्हणायचा, "घोड्याला घाबरायचं ते मागल्या अंगानं. ह्या लोखंडाला कुठनं घाबरायचं तेच कळंना." भीमराजचं बालपण घोड्यांच्या वासात गेलं आणि उरलेलं आयुष्य डिझेलच्या. लोखंड घातलेला माणूस घोड्यावर कसा बसेल, हे नगरात कुणाला सांगता आलं असतं तर ते त्याला, असं मला वाटायचं. पण तो सांगायचा नाही. काढून दाखवायचा.

पाठक सर, म्हणजे नृसिंह पाठक, त्याचे शाळेतले मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी माळीवाड्याच्या एका बोळात छापखाना घातला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवस्थानची हँडबिलं छापून जो वेळ उरेल त्यात ते मुलांसाठी पुस्तकं काढायचे. पश्चिमेकडच्या जुन्या शूर सरदारांच्या कथा त्यांना तरुणपणापासून प्रिय होत्या. शपथा, द्वंद्वं, किल्ले, श्वापदं. ते त्यांना मराठीत आणायचे. मराठी सुंदर होतं त्यांचं, जरा इस्त्री केलेलं. 'नाइट' हा शब्द मात्र त्यांनी तसाच ठेवला होता. त्याला मराठीत जोडच नाही म्हणायचे.

छापखान्यात दोनच माणसं कायमची होती, सर आणि रंगुबाई. रंगुबाई खिळे जुळवायच्या. शिशाची उलटी अक्षरं त्या सुलट्या अक्षरांपेक्षा भरभर वाचायच्या. मी तिथे प्रुफं तपासायला जायचो. खिडकीपाशी एक स्टूल होतं, तेवढीच माझी जागा.

भीमराज चित्रं लिनोवर, म्हणजे फरशीवर अंथरतात त्या लिनोलियमवर, कोरायचा. जाड लिनोचा तुकडा लाकडावर चिकटवलेला. कोरायची हत्यारं त्याने मोडक्या छत्र्यांच्या काड्या घासून बनवली होती. काडीला मुळातच पन्हळ असते, टोकाला धार लावली की झालं. कोरलेलं ते पांढरं, राहिलेलं ते काळं. त्यात खोडाखोड नाही. कातडं एकदा सोललं की परत बसत नाही, तसं.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी एक गंमत झाली. लिनोवर चित्र उलटं कोरावं लागतं, तर छापताना सुलटं येतं. भीमराज उत्साहात विसरला. ठसा घेऊन आला, सरांनी वाहवा केली. रंगुबाईंनी ठशावर नुसती नजर फिरवली आणि म्हणाल्या, "भाऊ, हा डावखुरा हाय का तुमचा शिपाई?"

"का?"

"छापला की तलवार डाव्या हातात जाईल त्याच्या. आन् घोड्यावर बी उजवीकडनं चढंल. पडंल की बाबा."

भीमराज ठशाकडे बघत राहिला. मग हसला. तेव्हापासून कोरताना त्याच्या शेजारी दाढीचा आरसा असायचा. पण तो पहिला ठसा सरांनी तसाच छापला. पहिल्या पुस्तकातला नाइट डावखुराच आहे.

चिलखत कसं दिसतं, हे समजायला त्याने घरात जे केलं ते मनकर्णावहिनी, म्हणजे त्याची बायको, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची. वनस्पती तुपाचा मोठा डबा त्याने कापला, डोळ्यांना फट ठेवली आणि तिच्या डोक्यात घातला. उन्हात उभं केलं. "म्हनले, हलू नको. शेजारीन आली मीठ मागायला, ती तशीच पळाली. आतनं मला माझाच श्वास ऐकू येत हुता. म्हनलं, आहो, ह्यात मानूस लढत आसंल का रडत आसंल? ह्यानी लगीच ते ल्हिऊन घेतलं."

लिहून घेतलं नाही, कोरलं. त्याच्या चित्रांतले नाइट लढताना मला कधी वाटले नाहीत. ते वजन वाहताना वाटतात. चिलखतावर रणगाड्यासारखे रिबिटांचे ठोके, पोचे, पोच्यांत साचलेली सावली. खांदे उतरलेले. भाला वर उगारलेला असला तरी हात दुखतोय हे दिसतं. घोडे तर अस्सल भिंगारच्या टांग्याचे. मान खाली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पण डोळा शहाणा. परदेशी पुस्तकांत मी अशी चित्रं पाहिली आहेत, ज्यांत लोखंड चकाकतं आणि जनावर फक्त मरायला आलेलं असतं. भीमराजच्या चित्रात जनावर आपल्या कामाला आलेलं असायचं. माणूसच कुठून तरी उगवलेला दिसायचा.

अस्वल त्याने भिंगारच्या बाजारात दरवेशाजवळ पाहिलं. पुस्तकात नाइटला घनदाट अरण्यात भेटणाऱ्या त्या अस्वलाच्या नाकाला भोक आहे, वेसणीचं. सरांच्या ते ध्यानात आलं नाही. मी विचारलं तेव्हा भीमराज म्हणाला, "मला भेटलेल्याला हुतं. बुजवलं आसतं तर खोटं झालं आसतं."

अरण्यातल्या अस्वलाच्या नाकाला भोक कसं, हे कोणत्याही मुलाने विचारल्याचं मी ऐकलं नाही. मुलं त्या भोकाकडे बघत राहत असतील, एवढं वाटतं.

आता नावाबद्दल.

आधीच्या कुठल्याच पुस्तकात त्याचं नाव नव्हतं. "चित्रकाराचं नाव घालायचा आपल्याकडे रिवाज नाही," सर सहज म्हणाले होते, आणि त्यांच्या मनात काही नव्हतं हे मला माहीत आहे. भीमराज एकदा वर्कशॉपबद्दल बोलता बोलता म्हणाला, "रणगाड्यावर नाव घालतो, सायबाच्या दारावर नाव घालतो, संडासावर बी घालतो. सगळ्यांची नावं मीच ल्हिली. आपलं घालायला जागाच न्हाई कुठं." आणि हसला. पण सायली, त्याची मुलगी, तेव्हा भिंगारला सहावीत होती. तिच्या शाळेत ही पुस्तकं जायची. ती वर्गात सांगायची, ही चित्रं माझ्या पप्पांची. मुली म्हणायच्या, कशावरून? पुस्तकावर तर तसं नाही. सायलीने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा भीमराज जेवत होता. त्याने घास खाली ठेवला, एवढं मनकर्णावहिनीने पाहिलं.

पुढच्या पुस्तकाचं बोलणं निघालं तेव्हा त्याने पहिल्यांदा मागितलं. "सर, ह्या टायमाला नाव टाका."

सर गोंधळले, मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. म्हणाले, "टाकतो. शब्द दिला." रंगुबाईंनी लगेच खण उघडला आणि ठळक खिळ्यांत ओळ जुळवून ठेवली. 'चित्रे : भीमराज भिंगारदिवे'. सुतळीने बांधून खिडकीत ठेवली. म्हणाल्या, "नाव लई लांब हाय भाऊ तुमचं. 'भ' चे खिळे संपत आले माझे."

त्या पुस्तकाची गोष्ट अशी. एका राजाच्या मुलखात ठिपक्यांचं एक श्वापद शिरतं. एक तरुण नाइट दरबारात शपथ घेतो, त्याचं मस्तक आणून तुमच्या पायाशी ठेवीन. मग तो अरण्यंच्या अरण्यं तुडवतो. लांडगा, अस्वल, रानडुक्कर भेटतात. शेवटी एका घळीत ते श्वापद कोंडलं जातं आणि नाइट भाला घालून त्याला मारतो. शब्द पुरा होतो. भीमराजने सगळी चित्रं करून दिली. एक राहिलं, शेवटचं. ठिपक्यांचं श्वापद म्हणजे बिबट्याच, आणि बिबट्या त्याने पाहिला नव्हता.

त्र्याण्णवचा हिवाळा होता. उसाला तोड लागली होती आणि राहुरीकडून बिबट्याच्या बातम्या येत होत्या. भीमराजचा मेहुणा पुंजाराम तिकडे एका मळ्यात कामाला होता. त्याला भीमराजने सांगूनच ठेवलं होतं. एका सकाळी पुंजारामने एसटीच्या कंडक्टरकडे निरोप धाडला, 'वाघ विहिरीत पडलाय, या.' भीमराजने वर्कशॉपात अर्ज दिला, कागद आणि कोळसा पिशवीत टाकला आणि पुढची गाडी धरली.

तिथे काय झालं ते मी त्याच्याकडून ऐकलं आणि पुढे एकदा लंकाबाईंकडूनही. लंकाबाई म्हणजे त्या विहिरीच्या मालकीणबाई. विहीर दगडी, गोल, खोल. पाणी भरपूर. बिबट्या रात्री कधीतरी पडला असणार. पोहून पोहून दमला होता. बांधकामातला एक दगड थोडा पुढे आला होता, त्याला पुढच्या दोन पंजांनी धरून लोंबत होता. काठावर अख्खं गाव. पोरं ढेकळं मारत होती. ढेकूळ पाण्यात पडलं की बिबट्या डोळे मिटायचा. फेकणाऱ्याकडे बघायचा नाही.

"एवढी गर्दी, पन त्याला कुनीच दिसत नव्हतं," भीमराज म्हणाला. "तो फकस्त तो दगड धरून हुता."

भीमराजने कागद काढला. तेवढ्यात लंकाबाई घरातून बाज घेऊन आल्या. काथ्याने विणलेली, चार पायांची, अंगणात टाकायची साधी बाज. एकट्या ओढत आल्या आणि पोरांवर ओरडल्या, "टाका ती ढेकळं खाली! माझ्या इहिरीत मेलं तर पानी कोन पिईल, तुमचा बा? जुने मोटंचे नाडे काढा. बांधा चारी पायांला."

एक जण म्हणाला, "आत्याबाई, त्यानं तुमची शेळी नेली मागल्या म्हैन्यात."

"नेली. मंग आता शेळी देतंय का परत? का तू देतो? बांध म्हनलं ना."

चार नाडे, मोटेचे ते जाड दोर, बांधले. तिघं पुढे झाले. चौथा कुणी होईना. लंकाबाईंनी जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं, तो कागद घेऊन उभा होता. "ए पावन्या, काय ल्हितोस? धर हे."

भीमराजने कागद खाली ठेवला आणि नाडा धरला.

बाज हळूहळू खाली गेली, पाण्याला टेकली, थोडी बुडाली. बिबट्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ नुसतं पाहिलं. माणसाच्या अंगाचा वास असेल तिला. मग एक पंजा सोडला आणि बाजेवर ठेवला. मग दुसरा. मग सगळंच्या सगळं ओलं अंग बाजेवर आलं, आणि त्याच क्षणी चारी नाड्यांना ओढ बसली. भीमराजच्या तळहातांची सालं निघाली.

"वजन हाताला कळलं," तो मला म्हणाला. त्याने तळहात पुढे केले, त्यांच्यावर तांबडे पट्टे होते. "सायली झोपल्यावर उचलतो ना, तसं. सोडून दिल्यावानी जड. जनावर दमलं की आपल्यावानीच जड हुतं."

दुपार कलल्यावर जंगल खात्याची माणसं पिंजरा घेऊन आली आणि त्यांनी बिबट्या वर काढून नेला. तोवर ती चौघं आळीपाळीने नाडे धरून होती. चित्र एकही निघालं नाही. कागद कुणाच्या तरी पायाखाली गेला.

पुढच्या रविवारी सकाळी भीमराज अंगणात बसला आणि पट्टे पडलेल्या हातांनी त्याने शेवटचा ठसा कोरला. आरसा शेजारी होता. मनकर्णावहिनी म्हणते, त्या दिवशी त्याने आरशात एकदाही बघितलं नाही.

ठसा घेऊन तो छापखान्यात आला तेव्हा मी स्टुलावर होतो. रंगुबाईंनी शाईचा रूळ फिरवला, कागद दाबला, उचलला. आम्ही सगळे वाकलो.

दगडी विहीर. काठावर नाइट. शिरस्त्राण काढून काठावर ठेवलेलं, केस घामाने कपाळाला चिकटलेले. भाला दूर गवतात पडलेला. दोन्ही हातांत दोर, पाय दगडाला रोवलेले. खाली, काळ्या पाण्यावर, काथ्याची बाज. बाजेवर बिबट्या, ओला, अर्धा बसलेला, वर बघणारा. विणीचा एकेक पीळ दिसत होता.

पाठक सरांनी कागद उजेडाकडे धरला.

"ही बाज आहे," ते म्हणाले.

"व्हय."

"भीमराज, युरोपात बाज नसते."

"मग ते निजतात कशावर?"

"पलंगावर!"

"पलंग इहिरीत सोडायला जड जाईल, सर."

रंगुबाईंनी पदर तोंडाला लावला. सर तिकडे वळले, "तुम्ही हसू नका. हे हसण्यासारखं नाही."

"हसत न्हाई मी. वीन चांगली जमलीय म्हनलं."

"गोष्टीत विहीरच नाही मुळात. घळ आहे."

"घळीत कोंडलं काय आन् इहिरीत पडलं काय," भीमराज म्हणाला, "वर यायला वाट न्हाई, एवढंच हाय ते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आवाज खाली आला होता. त्यांना राग आला नव्हता. घाबरले होते. "हे बघ. त्याने राजाला शब्द दिलाय. भर दरबारात. शब्द मोडणारा नाइट मी पोरांपुढे कसा ठेवू? सबंध नोकरी मी एवढंच शिकवलं. दिलेला शब्द पाळायचा. तुलाही हेच शिकवलं."

"शब्द दिला तवा त्यानं जनावर बघितलं नव्हतं, सर."

खिडकीतून बोळातला आवाज येत होता, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. सर त्या चित्राकडे बघत होते. मला वाटलं, ते हो म्हणतील. त्यांचा हात कागदाकडे गेलासुद्धा. पण हात मागे आला.

"चित्र उत्तम आहे," ते म्हणाले. "तू आजवर केलेल्या सगळ्यांत उत्तम. पण माझ्या गोष्टीचं नाही. मला भाला हवाय. एवढं एक दे. आणि नावाचा शब्द माझ्या लक्षात आहे. नाव येणार."

भीमराज म्हणाला, "बघतो." ठसा तिथेच ठेवून गेला. रंगुबाईंनी गुपचूप आणखी छाप काढले. एक भीमराज पुढे राहुरीला लंकाबाईंना देऊन आला. एक रंगुबाईंच्या घरी आहे. एक माझ्यापाशी आहे, हे लिहिताना समोर आहे.

मग तो आला नाही. वर्कशॉपात रणगाड्यांचा मोठा ताफा आला होता असं कळलं. पण ते खरं कारण नव्हतं. मी भिंगारला जाऊन आलो. अंगणात लिनोचा कोरा तुकडा आणि छत्रीच्या काड्या मांडलेल्या होत्या. तो त्यांच्यासमोर बसायचा, काडी उचलायचा, लिनोला टेकवायचा आणि ठेवून द्यायचा. सायली शेजारी अभ्यास करत होती. तिने विचारलं, "पप्पा, पुस्तक कधी येणार? मी मुलींना सांगितलंय या वेळी नाव आहे म्हणून." तो म्हणाला, "येईल." मनकर्णावहिनी चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "मारा की एक भाला. कागदच हाय त्यो. कुठं रगत निघनार हाय?" तो हसला, पण काडी खालीच राहिली.

शाळा पुस्तकाची वाट बघत होत्या. सरांनी शेवटी कपाटातला एक जुना जस्ताचा ठसा काढला, कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकासाठी कधीकाळी बनलेला आणि हातोहात फिरत त्यांच्याकडे आलेला. चकचकीत चिलखत, छाती पुढे, पाय मेलेल्या जनावराच्या मानेवर. जनावर बिबट्याही नव्हतं, सिंह होता. सरांनी तो लावला. पानं छापून झाली. मुखपृष्ठाआतलं पहिलं पान शेवटी छापायचं असतं, ते तेवढं राहिलं. त्यावर 'चित्रे' ही ओळ होती. सरांनी मुद्दाम निरोप धाडून भीमराजला बोलावलं. स्वतःचं नाव छापलं जाताना त्याने बघावं, अशी त्यांची खरीच इच्छा होती.

तो कामावरून तसाच आला. सरांनी छापलेली पानं त्याच्या हातात दिली. तो एकेक पान उलटत गेला. लांडगा. अस्वल. रानडुक्कर. शेवटच्या पानावर थांबला. जवळ नेऊन पाहिलं. मान तुडवलेला तो सिंह. सिंहाचे डोळे उघडे होते आणि त्यांत काहीच नव्हतं, कारण कोरणाऱ्याने काही पाहिलंच नव्हतं.

"इलाज नव्हता रे," सर म्हणाले. "पण हे बघ." त्यांनी लोखंडी चौकटीकडे बोट दाखवलं. चौकटीत पहिल्या पानाचे खिळे आवळलेले होते, यंत्रावर चढवायला तयार. खाली मधोमध ठळक ओळ होती. "शब्द पाळला की नाही मी?"

भीमराज ती उलटी ओळ वाचत होता. वाचता येत होती त्याला. इतकी वर्षं तो उलटंच कोरत होता.

मग त्याने रंगुबाईंकडे हात पुढे केला. काय हवंय ते त्यांना कळलं. क्षणभर त्यांनी सरांकडे बघितलं, मग लाकडी ठोकणी त्याच्या हातात दिली. भीमराजने चौकटीची पाचर हलकेच ठोकून सैल केली. दोन्ही हातांच्या बोटांनी ओळीला दोन्हीकडून धरलं आणि ती सबंध उचलली, एकही खिळा सांडू न देता. रंगुबाईंच्या ओंजळीत ठेवली.

"अरे!" सर उठले. "वेडा आहेस का? बाकीची सगळी चित्रं तुझीच आहेत! एका चित्रासाठी?"

ओळ उचलल्यावर मध्ये पोकळी राहिली होती. पोकळी राहिली की बाकीचे खिळे सैल होतात, पान विस्कटतं. भीमराजने खणातून कोरे खिळे घेतले, ज्यांवर अक्षर नसतं, जे कागदावर उमटत नाहीत. ते एकेक करून त्या जागी बसवले. ओळीच्या मापाचे, घट्ट. पाचर परत ठोकली. तळहाताने सबंध पानावरून एकदा हात फिरवला, काही हलत नाही ना ते बघितलं. काही हलत नव्हतं. पान पक्कं होतं.

"भीमराज," सर म्हणाले. "पोरीला काय सांगशील? काहीतरी बोल बाबा."

त्याने ठोकणी जागेवर ठेवली. खिडकीत त्याचा विहिरीचा ठसा कागदात गुंडाळून ठेवलेला होता, तो उचलून काखेत धरला. रंगुबाईंच्या ओंजळीतली ओळ अजून तशीच होती, त्या ती खाली ठेवायला तयार नव्हत्या. त्याने ओळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. दारातली चप्पल पायात सरकवली आणि बोळात उतरून चालू लागला.